हवाई अंतरवाले मामा

प्रत्येक स्टँडवर एक मामा असतात, ज्यांना कुठलंही गाव लांब वाटत नाही. जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्याचा फाटाही त्याला अपवाद नसावा. जळगावला जायला किती वेळ लागतो, असं कुणी सहज विचारलं की हे मामा चहाच्या ग्लासाची दोन ओली वर्तुळं टेबलावर उठवतात. एक म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ, दुसरं जळगावचा. मधून बोटाने रेघ ओढतात आणि निकाल देतात, "पंधरा मिनिटं!" अशी विमानसेवा नाही, हा तपशील त्यांच्या लेखी फालतू असतो.

मामांना वेडं ठरवण्याची घाई करू नये, कारण त्यांचा भागाकार बरोबर आहे. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे १२५ किलोमीटर. पंख्याचं छोटं विमान ताशी ५००च्या आसपास उडतं. चूक आहे ती रेघेत. दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आणि जायचं उत्तरेला. म्हणजे उडाल्यावर एक वळसा, उतरण्याआधी दुसरा. शिवाय पूर्ण वेग धरेपर्यंत उतरायची वेळ होणार. मुंबईचंच बघा. चिकलठाण्याहून सरळ अंतर जेमतेम २८० किलोमीटर, मामांच्या हिशेबाने अर्धा तास. वेळापत्रकात मात्र तासाभराच्या आसपास. हा जादाचा वेळ धावपट्टीकडे रांगत जाण्यात, चढण्यात, उतरण्यात आणि पुढच्या विमानामागे थांबण्यात जातो. प्रवास दोन हजार किलोमीटरचा असला तर तो खपून जातो. सव्वाशे किलोमीटरला तोच प्रवासापेक्षा मोठा होतो. त्यात केदारखेड्याच्या माणसाला उत्तरेला जाण्यासाठी आधी राजूर, जालना, बदनापूर करत उलट्या दिशेला चिकलठाणा गाठायचं, तासभर आधी हजर व्हायचं, बॅग तपासून घ्यायची. तेवढ्यात भोकरदन-सिल्लोडमार्गे निघालेला माणूस अजिंठ्याच्या घाटाला लागलेला असेल.

यावर मामांची दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, सरकारनेच २०१६ साली छोट्या शहरांसाठी 'उडान' योजना आणली, ती काय उगाच? उगाच नव्हे, पण डिसेंबर २०१७मध्ये त्या योजनेतून जळगाव जोडलं गेलं ते मुंबईशी, चिकलठाण्याशी नव्हे. दुसरं उत्तर अधिक बिनतोड: स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये पावणेतीन किलोमीटरसाठीसुद्धा रोजचं विमान आहे, दोन मिनिटांत पोचवतं! खरं आहे. पण तिथे मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये अजिंठ्याचा डोंगर आहे आणि त्यातून एसटी जाते. विमान लांबचं जवळ आणतं किंवा वाटच नसलेल्या ठिकाणी पोचवतं. शेजारच्या जिल्ह्याला ते उलट लांब नेऊन ठेवतं.

तेव्हा मामांना गणित शिकवायची गरज नाही. घड्याळ विमानाची चाकं सुटल्यावर नव्हे, घराची कडी लावल्यावर सुरू करायचं, एवढंच पटवून द्यावं. मामा समजूतदार असतात. त्यांना ते पटतंही. टेबल पुसून ते तिसरं वर्तुळ उठवतात आणि विचारतात, "म्हणूनच म्हणतो, विमानतळ केदारखेड्यालाच का नको?"