प्लॉट नंबर नसलेला पुरवठादार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्ता सांगायला कल्पनाशक्ती लागत नाही. रोड नंबर सोळा किंवा बावीस, पुढे प्लॉट नंबर, की झाला पत्ता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार 1962 साली इथूनच सुरू झाला. तेव्हापासून इथल्या हवेत एक शिस्त भिनली आहे: ज्याला नंबर नाही ते अस्तित्वातच नाही. कारखान्यांची घरघर ओसरली आणि काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, पण शिस्त बदलली नाही. या इमारतींतल्या टेबलांवर हल्ली कॉम्प्युटरशेजारी गुळवेलीच्या रसाची बाटली असते. ती जरा उलटसुलट करून पाहावी. बॅच नंबर आहे, परवाना क्रमांक आहे, किंमत सर्व करांसहित आहे. बाटलीवाला, झाकणवाला, लेबलवाला, खोकेवाला, टेम्पोवाला यांतला प्रत्येक जण आपापलं बिल लावून मोकळा झाला आहे. बिल न लावणारा पुरवठादार एकच, आणि नेमका आतला माल त्याचा. इस्टेटच्या पाठीमागच्या येऊरच्या डोंगरापासून शहापूर, मुरबाड ते थेट आंबोलीपर्यंत तो पसरला आहे. त्याला आपण जंगल म्हणतो, आणि हिशेबाच्या वहीत ‘निसर्गाची देणगी’.

म्हणून एक नम्र सूचना आहे. जंगलाची सूक्ष्म व लघुउद्योग म्हणून रीतसर नोंदणी करावी. 2006 च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज बसतं. नटबोल्ट पुरवणाऱ्याला जे संरक्षण आहे ते हिरडा, बेहडा, गुळवेल पुरवणाऱ्याला का नसावं? ही थट्टा वाटत असेल तर सरकारी आकडे पाहा. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पाहणीनुसार 2014-15 साली देशात औषधी वनस्पतींची व्यापारी मागणी सुमारे 5 लाख 12 हजार टन होती. वर्षाला शंभर टनांहून जास्त खपणाऱ्या 242 जातींपैकी 173 जाती मुख्यतः रानातूनच येतात. एखाद्या कारखान्याचा सत्तर टक्के कच्चा माल एकाच पुरवठादाराकडून येत असता, तर मालकाने त्याच्या घरी दिवाळीला सुकामेव्याचा डबा पाठवला असता.

यावर पहिला आक्षेप आदिवासींच्या पोटाचा, आणि तो खरा आहे. करोनाच्या काळात सगळा देश काढा उकळत असताना शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेला नामांकित औषध कंपन्यांकडून 350 टन गुळवेलीची मागणी आली. रक्कम 1 कोटी 57 लाख. सरकारच्या वनधन योजनेमुळे मधला व्यापारी गळाला आणि कातकरी तरुण थेट कंपन्यांशी बोलू लागले. हे चांगलंच झालं, त्यावर वाकडा शब्द काढायचं कारण नाही. फक्त भागाकार करून पाहावा. किलोला पंचेचाळीस रुपयेही पडत नाहीत, म्हणजे दोन-तीन वडापावांची किंमत. त्यात वेल शोधणं, तोडणं, तुकडे करणं, वाळवणं, पोत्यात भरणं हे सगळं आलं. मजुरी आली, वाहतूक आली. वेल पुन्हा वाढावी म्हणून कोणी काही करायचं असेल तर त्याचा एक पैसाही या भावात नाही. आदिवासींच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की रान संपलं तर उद्योग दुसरा काढा शोधेल. कातकरी दुसरं रान कुठून आणणार?

दुसरा आक्षेप वनस्पतिशास्त्राचा आहे: गुळवेल कुठे मरते? हा युक्तिवाद करणाऱ्याने निदान गुळवेल पाहिलेली तरी असते, एवढं मान्य. बुंध्याशी तोडलेली वेल झाडावर लोंबकळत राहते, कागदासारखी साल सुटत असते, आत हिरवं जिवंत असतं. मग वरच्या तुकड्यातून सुतळीसारखी मुळं हवेतून खाली उतरतात, मातीला टेकतात, आणि वेल पुन्हा धंद्याला लागते. संस्कृतात तिला अमृता म्हणतात ते उगाच नाही. पण सह्याद्रीत अमृता नावाचं आणखी एक झाड आहे. लोक त्याला नरक्या म्हणतात, कारण त्याला घाण वास येतो. कॅन्सरवरच्या औषधांना लागणारं कॅम्पटोथेसिन त्यात सापडतं, आणि टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं 1996 साली अमेरिकेत मंजूर झाल्यावर या वासाला भलताच भाव आला. नरक्या मुळासकट खणतात, कारण मुळातही माल आहे. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात त्याच्या ढलप्यांनी भरलेल्या गाड्या वनखातं पकडत आलं आहे. एका अमृतेच्या चिवटपणाचा दाखला देऊन दुसरीला खणायचं, याला शास्त्र म्हणत नाहीत. बाळहिरड्याचंही तेच. आतली आठी धरायच्या आधीच फळ उतरवायचं, आणि पुढची रोपं का दिसत नाहीत म्हणून कार्यशाळा घ्यायची. चहा-बिस्किटांसकट.

‘मग लागवड करा’ हा तिसरा सल्ला, आणि तो नेहमी वातानुकूलित खोलीतून येतो. लागवड का होत नाही याचं उत्तर त्या पंचेचाळीस रुपयांतच आहे. शेतकऱ्याला जमीन, पाणी, कुंपण, मजुरी आणि थांबायला वर्षं लागतात. रानाला यातलं काही द्यावं लागत नाही. फुकटच्या मालाशी स्पर्धा करायला शेतकरी वेडा नाही. रानातल्या मालाच्या किमतीत तो परत उगवण्याचा खर्च धरला, तर लागवड आपोआप परवडेल. अश्वगंधा, इसबगोल शेतात पिकतातच की. तिथे हिशेब जुळला म्हणून पिकतात, प्रवचनं ऐकून नव्हे.

रान परत उगवण्याचा हा खर्च धरण्याची सोय 2002 च्या जैवविविधता कायद्यात होती, कारखान्याच्या विक्रीतला अगदी अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेरचा वाटा. तोही जड झाला. उत्तराखंडात राज्याच्या जैवविविधता मंडळाने आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या दिव्य फार्मसीकडे 421 कोटींच्या नफ्यापोटी सुमारे 2 कोटी 4 लाख मागितले, तर आम्ही स्वदेशी, हे पैसे परदेशी कंपन्यांनी द्यायचे, असं कंपनीचं म्हणणं. 2018 च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. मग 2023 साली कायदाच दुरुस्त झाला आणि ग्रंथात नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला सूट मिळाली. गुळवेल ग्रंथात आहेच, तेव्हा वाटा माफ. मात्र ती शहापूरच्या कुठल्या ओहोळाकाठी, कुठल्या झाडावर चढली आहे आणि कडुनिंबावरची कशी ओळखायची, हे कुठल्याच संहितेत नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्याला आपण हमाल म्हणून धरतो, ग्रंथकार म्हणून नाही.

तेव्हा नोंदणीच बरी. लघुउद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीचा अर्ज तसा सोपा, घरबसल्या भरता येतो. उद्योगाचं नाव: जंगल. स्वरूप: उत्पादन. सुरू झाल्याची तारीख: महामंडळाच्या आधी. कामगार: पावसाळ्यात जास्त. घोडं अडतं ते आधारच्या रकान्यापाशी, कारण ओटीपी एकाच मोबाईलवर येतो. वनखातं म्हणतं, सातबारा आमच्या नावे आहे. ग्रामसभा 2006 चा वनहक्क कायदा पुढे करते आणि गौण वनोपज आमचं म्हणते. कंपनीचा वकील चरकाचं नाव सुचवतो, पण चरकाचा नंबर कुणाकडेच नाही.