आधी लगीन काँक्रीटचे!

सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. हद्द बदलते, खड्डे बदलत नाहीत. देहू रोड ते सातारा या 140 किलोमीटरच्या सहापदरीकरणाला ऑक्टोबर 2010 मध्ये मुहूर्त लागला. मुदत होती अडीच वर्षांची. ती 2013 मध्ये संपली आणि 'काम चालू, वाहने सावकाश हाका'च्या पाट्या पुढे कित्येक वर्षे इमाने इतबारे उभ्या राहिल्या. भूसंपादन, अर्धवट पूल, रखडलेले भुयारी मार्ग, हीच रडगाणी टोल भरता भरता ऐकली. पण विकासावर भाषण ठोकायचे असले की खलनायक एकच: पर्यावरण परवानगी!

मग तिच्या नियमांत 'सुधारणा' होतात. ऑगस्ट 2013 ची सुधारणा बघा. राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण 100 किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि जादा जागाही ठरावीक रुंदीपलीकडे लागणार असेल, तरच परवानगी. म्हणजे उद्या आपलाच रस्ता आणखी फुगवायचा झाला, तर देहू रोड ते सारोळे एक तुकडा आणि सारोळे ते सातारा दुसरा. दोन्ही शंभराच्या आत. सारोळेकरांनो, अभिनंदन! तुमच्या गावाला महामार्गावर अखेर काही तरी महत्त्व आले. हसू नका. उत्तराखंडात सुमारे 900 किलोमीटरचा चारधाम रस्ता 53 कामांत वाटला गेला आणि प्रत्येक काम शंभराच्या आत बसले. वाटणीच्या भांडणात आयुष्य घालवणाऱ्या आपल्या भावकीलासुद्धा असे बारीक तुकडे कधी जमले नाहीत.

परवानगी लागलीच, तर जनसुनावणी असते. गावच्या ग्रामसभेला गणसंख्या लागते. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, नाहीतर 'कोरमअभावी तहकूब'. रस्त्यावरचा दिवा मंजूर करायला एवढा बंदोबस्त. पण ज्या प्रकल्पात डोंगर जाणार आहे, त्याच्या सुनावणीला पर्यावरण परवानगीची 2006 ची अधिसूचना म्हणते, गणसंख्येची गरज नाही. समोर रिकाम्या खुर्च्या, मागे बॅनर, चित्रीकरण चालू. संपली सुनावणी. शे-पाचशे पानांचा अहवाल इंग्रजीत, मराठीत त्याचा सारांश. पूर्ण प्रत हवी तर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी जायचे. वेल्हे तालुक्यातल्या माणसाने एसटीने पुण्याला यायचे, इंग्रजी तक्ते उलटायचे आणि आपल्या विहिरीचे नाव त्यात कुठे आहे का ते शोधायचे. नसतेच म्हणा!

या अधिसूचनेच्या जागी आणायच्या 2020 च्या मसुद्यात सुनावणीची पूर्वसूचना 30 दिवसांवरून 20 वर आणायचे घाटत होते. तो मसुदाही आला इंग्रजीत आणि हिंदीत. 'आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत भाषांतर करा,' असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

काम आधी, परवानगी मागाहून, हाही एक प्रकार आहेच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मागाहूनच्या परवानग्या बेकायदा ठरवल्या. नोव्हेंबरात तोच निकाल दोन विरुद्ध एक अशा मताने मागे घेतला. तानाजीने आधी कोंढाण्याचे लगीन लावले, रायबाचे मागे ठेवले. आपण आधी काँक्रीटचे लावतो आणि परवानगीचे बारसे नंतर घालतो.

याउलट जिथे खरेच घाई हवी, तिथला निवांतपणा बघा. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा मार्च 2014 चा. त्याच्या यादीत भोर-वेल्ह्याची गावे आहेत. मसुदा जुना झाला की नवा निघतो. जुलै 2024 मध्ये सहावा निघाला. इथे कोणी दिवस वाचवा म्हणत नाही, 'एक खिडकी'ही आठवत नाही. वेल्हे तालुक्याचे राजगड करण्याचा निर्णय मात्र याच काळात झाला. नाव बदलायला खर्च कमी, आणि फलक लगेच दिसतो.

परवानग्या देणाऱ्या राज्याच्या पर्यावरण मूल्यांकन प्राधिकरणाची मुदत तीन वर्षांची. ती संपून नवे नेमले गेले नाही, तर फाइल दिल्लीच्या समितीकडे जाते. तोही उशीर पर्यावरणाच्याच खात्यावर लिहिला जातो. नेमणूक कोणी करायची होती, हे विचारायचे नाही.

सुधारणा करायचीच ना? करा की! पूर्ण अहवाल मराठीत द्या, तोही ग्रामपंचायतीत ठेवा. तुकडे पाडणाऱ्याला सगळा रस्ता एकत्र मोजायला लावा. सुनावणीला निदान ग्रामसभेइतकी माणसे हवीत अशी अट घाला. दिवस वाचवायचेच असतील, तर वेळेवर नेमणुका करा. आणि भोर-वेल्हेकरांनो, पेपरातले जाहीर नोटिशींचे पान भजी गुंडाळायला देण्याआधी एकदा वाचत जा. सुनावणीआधी अजून तरी 30 दिवस मिळतात.