नामपूर ते मानखुर्द : नवशिक्या संशोधकासाठी सूचना

आधी पात्रता तपासा. तुम्ही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहात, घरी थोडा कांदा किंवा डाळिंब आहे, आणि 'पुढे काय, पोलीस भरती का?' असं निदान एका काकांनी विचारलेलं आहे. एवढं पुरे. नवं शैक्षणिक धोरण संशोधनाला चौथं वर्ष देतं. तोवर थांबायचा धीर असेल तर पुढचं वाचू नका.

धीर नसणाऱ्यांसाठी मानखुर्द आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली सुरू केलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तिथे आहे. वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. शाळेतली हुशार मुलं ऑलिम्पियाडमुळे त्याचं नाव ऐकून असतात. कॉलेजातली मुलं सहसा ऐकत नाहीत. 2004 पासून तिथे एनआययूएस नावाचा उपक्रम चालतो. देशभरातून नुकतीच पदवीला लागलेली मुलं सुट्टीत शिबिराला येऊन राहतात. त्यातली काही मग मार्गदर्शकाबरोबर एखादा प्रकल्प हाती घेतात आणि पुढच्या सुट्ट्यांत परत येऊन तो चालवतात.

तयारी म्हणजे मुख्यतः सवयी मोडणं. आपल्याकडची प्रॅक्टिकलची सर्वमान्य पद्धत अशी : आधी उत्तर लिहायचं, मग त्याला साजेसं रीडिंग, मग आकृती, आणि वेळ उरलाच तर प्रयोग. साध्या दोलकावरून गुरुत्वत्वरण 980 आलं की सही मिळते. आता गंमत अशी की हे मूल्य जागेनुसार बदलतं. विषुववृत्तावर ते साधारण 978, ध्रुवावर 983. नामपूरच्या अक्षांशावर आणि उंचीवर ते 978 ते 979 सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग या दरम्यान पडतं. 980 येतं ते समुद्रकाठी, अडतीस अंश उत्तरेला. म्हणजे ज्याच्या वहीत दरवेळी तंतोतंत 980 आहे, त्याने दोलक एकतर अथेन्सजवळ टांगला होता, नाहीतर शेजारच्याच्या जर्नलवर. आपल्या स्टॉपवॉचने आणि दोऱ्याने 965 आलं तर 965 लिहा. का आलं, याचा विचार करायला लागलात की अर्धं शिबिर घरीच झालं. सही मात्र मिळणार नाही, ही जोखीम तुमची.

प्रवास. मालेगावमार्गे मनमाड गाठा. पंचवटी एक्सप्रेस पहाटे निघते, म्हणून आदल्या रात्रीपुरता मनमाडला एक मामा शोधा. सख्खा असण्याची अट नाही. दादरला उतरा, कुर्ल्याला या, तिथून हार्बर लाइनने मानखुर्द. मुंबईकडची मुलं याला 'लांब पडतं' म्हणतील. हसू नका.

पहिल्या दिवशी सगळे इंग्रजीत बोलत असतील आणि सगळ्यांना सगळं येत असल्यासारखं वाटेल. दोन-तीन दिवस कळ काढा. मग जेवताना कुणीतरी हळूच म्हणतं, 'सकाळचं तुला कळलं का रे?' समूह खरा तिथून सुरू होतो. व्याख्यानात हात वर करून 'मला कळलं नाही' म्हणायचा सराव घरी आरशासमोर करून या. आपल्या वर्गात हे वाक्य गुन्ह्यात मोडतं, तिथे कामाचं धरतात.

घरी हे सगळं समजावताना 'रेसिडेन्शियल रिसर्च कम्युनिटी' असे शब्द वापरू नका. आई डबा जास्त भरेल, बाकी काही होणार नाही. फड पद्धत सांगा. मोसम नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यांतून एक पाट निघायचा, एका फडात सगळे मिळून एकच पीक घ्यायचे, पाटकरी ठरल्या पाळीने पाणी सोडायचा, आणि भांडण झालं तरी पाट कुणी फोडत नसे. आजोबांना लगेच समजेल. बाबा मात्र विचारतील, पैसे किती मिळतात.

सामानात कपड्यांपेक्षा प्रश्न जास्त भरा. चाळीतला उन्हाळी कांदा मधल्या थरातच आधी का सडतो? 'हवा लागली नाही' हे उत्तर प्रत्येकाकडे आहे. त्या थरातलं तापमान आणि दमटपणा रोज लिहून ठेवलेली वही कुणाकडे आहे? डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूचा रोग, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, हे पुस्तकात आहे. तुमच्या बांधापासून शेजारच्या बांधापर्यंत तो किती दिवसांत गेला, हे पुस्तकात नाही. असले प्रश्न घेऊन गेलेल्याला प्रकल्प सुचेना, असं सहसा होत नाही. त्यांची उत्तरं मानखुर्दला मिळतील असं नाही, पण विचारायचे कसे ते मिळेल.

परत आल्यावर पारावर विचारतील, 'काय शिकी उना रे भाऊ?' शोध लावला असं सांगू नका. एक मापन चार वेळा केलं आणि चारही वेळा वेगळं आलं, हे खरं ते सांगा. लोक हसतील. पुढच्या वर्षीच्या एखाद्या मुलीला मात्र बाजूला घेऊन नीट सांगा, कारण तिला हे दुसरं कुणी सांगणार नाही.

अर्जाची तारीख केंद्राच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. ती कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागायची वाट पाहू नका.