निवड झालेला माणूस

आमच्या वाशी तालुक्यात माणसाची पत यादीवर ठरते. घरकुलाची यादी, पीकविम्याची यादी, सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी. शेवटचीत माझं नाव कधीच चुकलं नाही. म्हणून ख्रिस्ती धर्मपंडित जॉन कॅल्विन वाचला तेव्हा हा माणूस मला थेट आमच्या तालुक्यातला वाटला. त्याचं म्हणणं, कोणाला तारायचं हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलं. त्यात माणसाची पुण्याई कामाची नाही, निव्वळ कृपा. बायबलमधले याकोब आणि एसाव जुळे, पण जन्माआधीच देवाची पसंती धाकट्याला. यावर डॉर्टच्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये शिक्कामोर्तब केलं. आमच्याकडे सटवाई हेच काम पाचवीच्या रात्री एकटी उरकते.

मग महाडीबीटी या सरकारी पोर्टलच्या लॉटरीत मला अनुदानावरचा रोटाव्हेटर लागला. मोबाइलवर निवडीचा मेसेज! दुपारपर्यंत मी कृपा विसरून स्वतःची पुण्याई मोजू लागलो होतो. तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ लावली. पारावर तर देव पारखून माणूस निवडतो, असं ठासून सांगितलं.

मेसेजमध्ये पुढे सातबारा, आठ-अ, कोटेशन अपलोड करा, असंही होतं. पण निवड बिनशर्त असते ना? मी निवांत.

ओळखीच्या पाळकांना हे सांगितलं, तर ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "अहो, नारायण शेषाद्री बघा. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे निवडीचा सिद्धान्त मानणारे. तरी निजामाच्या मुलखात जालन्याला आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली, बेथेल गाव वसवलं. निवडलेल्याने हातावर हात ठेवून बसावं, असं कॅल्विनने कुठं म्हटलंय?"

मी मान डोलावली आणि आणखी एक चहा घेतला. अध्यात्माची चर्चा मला नेहमीच मानवते. तेवढ्या वेळात शेतात जावं लागत नाही.

मुदत संपली, निवड रद्द.

बायको म्हणाली, "देवानं निवडलं व्हतं. झेरॉक्स काढायला बी त्यानंच यायचं व्हतं का?"

पुढच्या सोडतीत रोटाव्हेटर भावकीतल्या एकाला लागला. त्याने कागद त्याच दिवशी चढवले. आता मी त्याच्याकडूनच एकरी भाड्याने आणतो. कृपा ही फुकट असते, असं त्याला समजावून पाहिलं. त्याने डिझेलचा भाव सांगितला.