वंशावळकाकांचा टॅब

लग्नात अक्षता पडल्या की सगळा मांडव जेवणाच्या रांगेकडे सरकतो. वंशावळकाका मात्र उलट्या दिशेने, मांडवातल्या सर्वांत वयस्कर बाईंच्या खुर्चीकडे निघतात. बँक, टपालखाते किंवा पाटबंधारे विभाग यांपैकी कुठून तरी निवृत्त, प्रकृती ठणठणीत, वेळ मुबलक आणि काखेत काळ्या कव्हरातला टॅब. टॅबमध्ये वंशवृक्षाचे ॲप आणि ॲपमध्ये, त्यांच्याच शब्दांत, ‘आपले अख्खे घराणे’. काकांशी ओळख करून घेणे धोक्याचे, कारण ती तुमच्यापुरती राहत नाही. ‘मूळ गाव?’ या पहिल्याच प्रश्नाला तुम्ही ‘पुणे’ म्हणालात तर काका कनवाळूपणे हसतात. पुणे हे त्यांच्या मते राहण्याचे ठिकाण आहे, मूळ गाव ते कोणाचेच नसते. मग आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव, कुलदैवत, भाऊबंदांची वाटणी कधी झाली असे करत करत ‘म्हणजे तुम्ही धाकट्या पातीचे!’ असा निकाल लागतो आणि टॅबवर तुमच्या नावाची चौकट उमटते. तोवर जिलबी संपलेली असते.

काकांची टिंगल करणे सोपे आहे, पण ही जमात काही टॅबबरोबर जन्माला आलेली नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बैलावरून गावोगाव हिंडून घराण्यांच्या पिढ्या म्हणून दाखवणारे हेळवी होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या नामावळ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इनाम कमिशनने इनामदारांकडे हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा कैफियतींबरोबर वंशावळीही लिहिल्या गेल्या. विसाव्या शतकात तर कितीतरी घराण्यांनी उशाला घेता येतील एवढे जाड कुलवृत्तांत छापले. फरक असला तर एवढाच, की हेळव्याला पिढ्या सांगितल्याबद्दल धान्य मिळे आणि काका ॲपची वर्गणी आपल्या पेन्शनीतून भरतात. तेव्हा काकांना मोडीत काढण्याआधी त्यांच्या उद्योगाचा हिशेब नीट मांडायला हवा. तो मांडला तर असे दिसते, की काका ज्याच्यासाठी टॅब घेऊन हिंडतात ते मूळ पुरुषाचे प्रकरण जवळजवळ फोल आहे. पण त्या नादात ॲप त्यांच्याकडून एक काम करून घेते, जे आधीच्या वंशावळींनी इतक्या नेटाने कधी केलेच नव्हते. ते काम म्हणजे घरातल्या बायकांची नावे शोधण्याचे.

आधी मूळ पुरुषाचा निकाल लावू. माणसाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. हा दामदुपटीचा हिशेब दहा पिढ्या मागे गेला की १०२४ वर पोचतो आणि वीस पिढ्या मागे १०,४८,५७६ वर. म्हणजे दहा पिढ्यांमागचा तो शूर, दानशूर, कोकणातून वा माणदेशातून एका घोड्यानिशी निघालेला मूळ पुरुष हा काकांच्या १०२४ पूर्वजांपैकी एक. उरलेल्या १०२३ जणांनी काय केले याबद्दल काका मौन पाळतात, आणि त्यांत ५१२ बायका आहेत. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घराण्यांत तेच पूर्वज दोन-दोन बाजूंनी भेटतात, त्यामुळे आकडा प्रत्यक्षात खाली येतो हे खरे. पण तो एकावर येत नाही. शिवाय हाती लागलेला पुरुष तोच कशावरून? नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत. १७१३ मध्ये पेशवेपदावर आलेले बाळाजी विश्वनाथ, त्यांचे नातू बाळाजी बाजीराव. पुढे बाजीराव दोन, माधवराव दोन. ते राज्यकर्ते, म्हणून दफ्तरे उरली आणि घोळ निस्तरता आला. साध्या घरात विष्णु गणेश, गणेश विष्णु, पुन्हा विष्णु गणेश अशी पाळी चालते आणि ॲप विचारते, ‘या दोन व्यक्ती एकच आहेत का?’ घाईत ‘होय’ दाबले की नातू स्वतःचाच आजोबा होतो.

ज्यांनी ही ॲपे बनवली त्यांना आपल्या घरच्या रीतिभाती ठाऊक नव्हत्या, आणि काकांचे पुढचे सगळे हाल त्यातूनच सुरू होतात. एका ॲपमधला वृक्ष दुसऱ्यात नेण्यासाठी जेडकॉम नावाचा साचा वापरतात. तो अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये आणला. त्याच्या वर्षानुवर्षे चाललेल्या ५.५.१ या आवृत्तीत ग्रेगरियन, ज्यूलियन, हिब्रू आणि थेट फ्रेंच राज्यक्रांतीच्या कॅलेंडरातली तारीख चालते. शालिवाहन शकाची तेवढी सोय नाही. त्यामुळे ‘शके १७९०, श्रावण वद्य अष्टमी’ असे लिहिलेला कागद मिळाला, की काका ७८ मिळवून १८६८ करतात आणि तिथी टिपणाच्या रकान्यात ढकलतात. अर्थात कागद मिळणारे भाग्यवान. बहुतेक घरांत श्राद्धामुळे मृत्यूची तिथी पक्की असते आणि साल बेपत्ता. जन्म तर ‘पानशेतच्या पुराआधी दोन महिने’ किंवा ‘प्लेगच्या साली’ झालेले असतात. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा तो जन्म निदान महिन्याला लागतो. प्लेग मात्र १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढे कित्येक वर्षे हटला नाही. त्या एका ‘साली’ अर्ध्या घराण्याचा जन्म मावतो.

खरी पंचाईत याच्या पुढे आहे. ॲप प्रत्येक मुलाच्या डोक्यावर बापाची एक आणि आईची एक अशा दोन चौकटी काढते आणि आईच्या चौकटीत तिचे जन्माचे आडनाव मागते. वतनाच्या जुन्या वंशावळीत ही भानगडच नव्हती. तिथे गणेशाचा विष्णु, विष्णूचा गणेश अशी रेघ सरळ खाली येते, जणू पुरुषांना पुरुषच होत असावेत, आणि ज्याला तीन मुली झाल्या त्याच्या नावापुढे ‘निर्वंश’ असा शेरा पडतो. छापील कुलवृत्तांतांनी सुना-लेकींना जागा दिली, पण ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या परिच्छेदात, शेवटच्या ओळीत. ॲपला निर्वंश कळत नाही. तिन्ही मुलींच्या चौकटी ते बापाच्या चौकटीएवढ्याच काढते. आईच्या चौकटीत काका ‘माई’ लिहून मोकळे व्हायला बघतात, पण ॲप पूर्ण नाव मागते. माईंचे पूर्ण नाव? मुलांना त्या माई, शेजाऱ्यांना माई, मुंजीच्या पत्रिकेतही माईच. चौकशीअंती कळते, की तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले गेलेले नाव सुशीला होते आणि माहेरी त्यांना दुर्गी म्हणत. एका बाईची तीन नावे, दोन आडनावे आणि जन्मगाव कोणालाच आठवत नाही! इथे काका पेटतात. त्यांना स्त्रीमुक्तीची हौस आहे असा गैरसमज नको. रकाना रिकामा राहिलेला त्यांना खपत नाही. ज्या माणसाने उभ्या नोकरीत लेजर जुळल्याशिवाय घर गाठले नाही, तो आता दुर्गीच्या माहेरचा माग काढायला वाईपासून विजापूरपर्यंत फोन लावतो. टॅबचा खरा उपयोगही इथेच. फोनवर वंशवृक्ष मुंगीएवढा दिसतो, संगणक टेबल सोडत नाही. पण टॅब नव्वदीच्या आत्याबाईंच्या मांडीवर ठेवता येतो, जुना फोटो दोन बोटांनी मोठा करता येतो, आणि मग ‘ही कोण?’ एवढे विचारले की आत्याबाई तासभर थांबत नाहीत. मूळ पुरुष त्या तासभरात आठवणीतसुद्धा येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सगळा जातीचा आणि घराण्याचा तोरा आहे. आक्षेप खोटा नाही. कुलसंमेलनात सरदार आणि दिवाण पूर्वजांची जी गर्दी उसळते ती पाहता, पूर्वी शेती करणारे कोणी होते की नाही अशी शंका येते. पिढ्या कागदावर आल्या त्याही मुख्यतः वतनदारांच्या. पण वंशावळ आता हौशी लोकांपुरती राहिलेली नाही. जात पडताळणीला वंशावळीचे शपथपत्र लागते. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे जोडावे लागतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी जुने मोडी कागद उलगडले जाऊ लागले, तेव्हा गावोगाव लोक शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, जन्ममृत्यूची नमुना १४ ची नोंद, फेरफार आणि वारसनोंदी शोधू लागले. घरच्यांना जी काकांची भुणभुण वाटत होती, ती अशा वेळी अनुभव ठरते. राहिला तोरा. त्यावरचा उतारा काकांच्या टॅबमध्येच आहे. प्रत्येक आईची चौकट प्रामाणिकपणे भरत गेले की सरदार १०२४ मधले एक होतात आणि त्यांचा रुबाब त्या प्रमाणात उतरतो.

दुसरा आक्षेप खरेपणाचा. काका ऐकीव गोष्टी नोंदतात, आणि ॲपे त्यांना भरीस घालतात. मायहेरिटेज या इस्रायली कंपनीने २०२१ मध्ये जुन्या फोटोतले चेहरे हलवून दाखवण्याची सोय आणली. हयातीत ज्यांनी नातवंडांकडे मान वळवून पाहिले नसेल, ते पगडीधारी पणजोबाही तिच्यामुळे डोळे मिचकावून स्मित करू लागले. हा खेळ आहे, पुरावा नव्हे. पण छापील कुलवृत्तांतातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे बहुधा कायमची राहते. ॲपमध्ये प्रत्येक नोंदीखाली आधार लिहायचा रकाना असतो आणि चूक रात्रीत सुधारता येते. काकांनी तिथे ‘फेरफार पाहिला’ किंवा ‘आत्या म्हणाली’ एवढे लिहिले तरी निम्मे काम झाले. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, खाजगीपणाचा. ट्वेंटीथ्री अँड मी या, डीएनए तपासून पूर्वजांचा माग काढणाऱ्या अमेरिकन कंपनीकडची सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरांच्या हाती लागली, आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते जाहीर वृक्षात टाकण्याचा मोह काकांनी आवरलाच पाहिजे. बहुतेक ॲपांत ती नावे झाकण्याची सोय आहे. एक गंमत मात्र नोंदण्यासारखी आहे. परदेशी बँका ओळख पटवायला आईचे माहेरचे आडनाव विचारत आल्या, कारण ते गुपित मानले जाई. आपल्याकडे बँकेने न विचारताच ते गुपित राहिले, इतके की पुढे नातवंडांनाही कळले नाही.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव सक्तीचे केले. पुढच्या पिढ्यांची सोय त्याने होईल. मागच्या पिढ्यांसाठी मात्र कायदा नाही, वंशावळकाकाच आहेत. त्यामुळे त्यांचा फोन आला तर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणू नका. खापरपणजोबांचा पराक्रमही सांगत बसू नका. तो त्यांच्याकडे चार वेगवेगळ्या स्वरूपांत आधीच आहे. आजीचे पाळण्यातले नाव, माहेरचे आडनाव आणि जन्मगाव एवढे सांगा. ठाऊक नसेल, तर ज्यांना ठाऊक आहे त्या हयात आहेत तोवर आजच विचारून ठेवा.