कॅरेक्टरराव, आपली माया आवरा

राजमान्य राजश्री कॅरेक्टरराव (कोडमधले लाडके नाव ‘चार’),
मु. पो. सी भाषा, यांसी

नाशिकहून साष्टांग नमस्कार, वि. वि.

प्रथम आभार. आपल्याइतके मोकळ्या मनाचे गृहस्थ आता उरलेत कुठे? साइन्ड म्हणजे उणे १२८ ते १२७, अनसाइन्ड म्हणजे ० ते २५५. आपण यांतले कोण, हे १९८९ च्या प्रमाणकानेही कंपायलरच्या मर्जीवर सोडले. इंटेलच्या लिनक्सवर आपण साइन्ड, एआरएमच्या लिनक्सवर अनसाइन्ड. देश तसा वेश! वर कागदोपत्री दोघांहून वेगळे, तिसरेच.

इंग्रजीला आपण कधी दुखावत नाही, याबद्दल अभिनंदन. तिची अक्षरे १२७ च्या आतच आटोपतात. आपली खरी माया आमच्यावर. यूटीएफ-८ मध्ये ‘नाशिक’ लिहायला १५ बाइट लागतात. पहिला २२४, साइन्ड अवतारात तोच उणे ३२. पंधराच्या पंधरा उणे! सिंहस्थाचे गाव आपण एका ओळीत शून्याखाली नेलेत. त्या उणे ३२ ने कोणी तक्त्यात अक्षर शोधू लागला, तर त्याला तक्त्याबाहेरची मेमरी दाखवता, तीही विनामूल्य.

इथल्या एका वजनकाट्यावर तर आपण कमाल केलीत. प्रोग्राम साधा: बाइट १२७ हून मोठा तर मराठी फाँट, ३२ ते १२६ असेल तर इंग्रजी. एआरएम बोर्डवर कांद्याच्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव झकास उमटले. तोच कोड ऑफिसातल्या पीसीवर चढवला. वजन आले, भाव आला, शेतकरी गायब. ही तुलना कायम खोटी ठरते, हे कंपायलरला ठाऊक होते. पण तो पडला संकोची. जादा वॉर्निंग मागितल्याशिवाय बोलत नाही.

फाइल संपल्याची खूण उणे १. अनसाइन्ड असता तिचे आपण २५५ करता, आणि लूप रात्रभर फिरतो. साइन्ड असता खरा २५५ दिसला, की अर्ध्यातच ‘संपले’ म्हणता. पक्षपात म्हणून नाही!

२०२३ मध्ये लिनक्स ६.२ च्या कर्नलवाल्यांनी आपल्याला सरसकट अनसाइन्ड राहण्याची सक्ती केली. केवढा हा अपमान! मनावर घेऊ नये. कर्नलबाहेरचे सारे रान आपल्याला मोकळेच आहे.

आमच्यापुरते मात्र, बाइट मोजायला यापुढे अनसाइन्डरावांना पूर्ण नावाने बोलावू. आपण येण्याची तसदी घेऊ नये.

कळावे. लोभ आहेच, तो जरा कमी करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक नाशिककर प्रोग्रामर