बारा व्होल्टांचं वैराग्य

व्हॅनमध्ये राहायला माणसाला लागतं काय, तर पाठ टेकायला फळी आणि डोक्यावर आभाळ, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. या वैराग्याच्या सामानाची यादी खिशात तयार होती: कार स्टिरिओ, दारांत दोन स्पीकर, मागच्या सीटखाली वूफर, छतालगत निळी एलईडी पट्टी, पंखा, मोबाईलचं चार्जिंग आणि बांगडे ताजे राहावेत म्हणून छोटा फ्रीज. बारा गावचं पाणी प्यायला निघालेल्या माणसाचं बारा व्होल्टांवर एवढं तरी चालायला हवंच.

पेडण्याच्या किनाऱ्यावर, मांद्रे-हरमलला, थंडीच्या दिवसांत घरगाड्या येऊन लागतात. आत गादी, ओटा, छपरावर सोलर पॅनेल, बाहेर दोरीवर टॉवेल आणि खुर्चीत काहीही न करणारा मालक. पेडणेकरांना याचं आता काही वाटत नाही, माझ्यासारख्या डिचोलीकराला वाटतं. काहीही न करणं आम्हालाही येतं. ते करताना मागे अभिषेकीबुवांचं नाट्यगीत असावं आणि ते शेजारच्या खुर्चीपर्यंत जावं, एवढी भर माझी. गाडी होतीच. कंपनीनं २०१९मध्ये ओम्नी काढणं बंद केलं, तेव्हापासून माझी ओम्नी जुनी राहिली नाही, दुर्मीळ झाली.

आमच्या वायरमनचा हात खाणीच्या टिपरांवर बसलेला. त्यानं यादी वाचली, ओम्नीकडे बघितलं, पुन्हा यादी वाचली.

“बाब, तुमकां व्हॅन जाय काय नाटकाचो माटव?”

मग त्यानं कार्डबोर्डच्या तुकड्यावर हिशेब मांडला. साठ वॅटांचं काम घरात २३० व्होल्टांवर पाव अँपिअरमध्ये होतं. बारा व्होल्टांवर त्यालाच पाच अँपिअर लागतात. म्हणून वायर जाड हवी. बारीक वायरीतून मागच्या फ्रीजपर्यंत करंट नेला, तर वाटेतच एखादा व्होल्ट गळतो. दोनशे तीस पानांच्या पंगतीत एक उपाशी उठला तर कळत नाही. बाराजणांच्या घरात एक न जेवता झोपला, की घरभर कळतं. ओम्नीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, आणि तिला निम्म्याखाली उतरवायचं नाही. सगळी यादी मिळून दहा अँपिअर धरले, तर माझं वैराग्य संध्याकाळी सातला सुरू होऊन पावणेनऊला संपत होतं.

“पण बॅटरी बारा व्होल्टांची आहे ना? मीटरवर बारा दिसेपर्यंत घाबरायचं कशाला?” मी विचारलं.

तो दयेनं हसला. बारा व्होल्टांची बॅटरी मीटरवर बारा दाखवते तेव्हा ती निम्म्याहून जास्त रिकामी झालेली असते. भरलेली, स्वस्थ पडलेली बॅटरी १२.७च्या आसपास असते, अर्धी झाली की १२.२. आपण जिला भरलेली समजतो ती संपत आलेली असते, हे ऐकून मी विषय माझ्या वयाकडे वळण्याआधी स्टिरिओकडे नेला.

स्टिरिओच्या मागे वायरींचा झुपका असतो. त्यातल्या तिघी महत्त्वाच्या. काळी गाडीच्या बॉडीला. पिवळी थेट बॅटरीला. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं तीच लक्षात ठेवते. तांबडी किल्लीतून येते. किल्ली काढली की गाणं बंद. व्हॅनमध्ये झोपणारा माणूस किल्ली काढतो आणि गाणं मात्र त्याला हवं असतं. पिवळी-तांबडी एकत्र बांधून टाकली की किल्लीशिवाय गाणं लागतं; मग मालक झोपतो, स्टिरिओ जागतो आणि सकाळी गाडी ढकलायला गाव जमतो. यावर शहाण्यांचा उपाय म्हणजे दुसरी बॅटरी. मध्ये रिले, इंजिन चालू असेल तेव्हाच तो दोघींना जोडतो, बंद झालं की वेगळं करतो. गाणी-बांगडे दुसरीवर, सेल्फ पहिलीवर. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी गळ्याशी, म्हणजे वायर कुठेही घासून शॉर्ट झाली तरी जळेल तो फ्यूज, मी नव्हे.

हे सगळं मान्य. वूफरवर मात्र मी अडलो. आवाज करणारी गाडी ही गोव्याची परंपरा आहे, असं मी त्याला सुनावलं, आणि परंपरा म्हटल्यावर मला थांबवणं कठीण.

१५ ऑगस्ट १९५५ला आमच्या पेडण्याच्या सीमेवर, पत्रादेवीला, पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या. गोव्यातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला हवेतून एक आवाज येऊ लागला: ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. बोलणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. स्टेशन कुठे, तर ट्रकमध्ये! आधी आंबोलीच्या रानात, पुढे कॅसलरॉकच्या. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीत हाती लागलेली वायरलेस यंत्रं दुरुस्त करून त्यांनी प्रक्षेपण चालवलं, म्हणजे हत्यार पोर्तुगिजांचं आणि मार पोर्तुगिजांनाच. आंबोलीचा पाऊस, जळवा, जनावरं, आणि रोज ठरल्या वेळी बातमी. एक-दोन हंगाम नव्हे, १९६१च्या डिसेंबरपर्यंत, सहा वर्षं. मी एक रात्र काढायला फ्रीज मागत होतो. गोवा मुक्त झाल्यावर या दोघांनी विमानातून, यंत्र लावून, खालच्या गोव्याला सांगितलं की आपण स्वतंत्र झालो. पुढे त्यांनी लग्न केलं. लिबियाबाईंना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या. 

वायरमननं हातातला टेस्टर खाली ठेवला. तो भारावलाय असं मला वाटलं.

“तांचो वूफर कितलो व्हडलो आशिल्लो?” त्यानं विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी कायद्याचा आधार घेतला आणि तिथेही पडलो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम देशात २००० सालापासून आहे. तो पेडण्याच्या किनाऱ्यावर कितपत ऐकू जातो, ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं. आपल्याच घरात, आपल्याच गादीवर, दुसऱ्यांच्या सुट्टीची धडधड छातीत घेऊन ती माणसं पडून असतात. तक्रार करावी तर आपला पाहुणा, न करावी तर आपली झोप. त्या धडधडीत नाट्यगीताची एक मिसळली, तर ती सुसंस्कृत ठरेल असं मी कशावरून धरलं होतं?

वायरमन काम करता करता बोलत होता. टिपरला बॅटऱ्या दोन, एकीपुढे एक जोडून चोवीस व्होल्ट, स्टिरिओ बाराचा. घाईतला ड्रायव्हर दोघींतल्या एकीवरूनच वायर ओढायचा आणि ती एकटी झिजून मरायची. मग याच्याकडे येऊन कन्व्हर्टर बसवायचा. वर देवाच्या तसबिरीभोवती लुकलुकणारे दिवे. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्ये सुरू झाल्या. २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीझ रद्द केली आणि मार्चपासून पुन्हा सामसूम झाली. रस्त्यावरची तांबडी धूळ खाली बसली, विहिरींनी आणि छातींनी श्वास घेतला, हेही खरंच. पण पिळगाव-मुळगावच्या अंगणांत ट्रक उभे राहिले, आणि उभ्या ट्रकाची बॅटरी आधी मरते. एका मालकानं याला सांगून ठेवलं होतं, मधूनमधून येऊन इंजिन चालू करून जा. हा जाई, अर्धा तास इंजिन फिरवी, स्टिरिओही लावून बघे. एके दिवशी मालक म्हणाला, आता येऊ नको. हप्त्यांचं काय झालं ते यानं विचारलं नाही.

“आता हौशी लोकांचीं कामां करतां,” तो म्हणाला. हौशी म्हणजे मी.

वूफरची जागा दुसऱ्या बॅटरीनं घेतली. निळी पट्टी गेली, एक पिवळसर दिवा आला. फ्रीज मीच सोडला. बांगडे मांद्र्यातही मिळतात. स्टिरिओ आहे, पण फळीवर आडव्या झालेल्या माणसालाच ऐकू येईल इतका. वूफर नाकारल्याची ही गोष्ट मी आता पाव्हण्यांना, शेजाऱ्यांना, पेट्रोल पंपावरच्या पोरांना सांगतो, व्होल्टांच्या आकड्यांसकट. घरातून मत असं आलंय, की या सांगण्याचा आवाज वूफरपेक्षा मोठा आहे, त्याला बॅटरी लागत नाही, आणि फ्यूज तर नाहीच.